मसावि काढायचाय? संख्या फोडू नका, एकमेकींनी भागा

पारोळ्याला मी गणिताची शिकवणी घेतो. एका पावसाळ्यात सातवीतली एक मुलगी वहीची तीन पानं भरून माझ्यासमोर बसली. गणित एका ओळीचं होतं: ३१२७ आणि २४९१ यांचा मसावि काढा. कसोट्या तिला पाठ होत्या, त्यामुळे २, ३ आणि ५ तिने नुसत्या नजरेने बाद केले. मग २४९१ ला ७ ने भागून पाहिलं, ११ ने, १३ ने, १७ ने, १९ ने. २३ पर्यंत आली आणि तिथे धीर सुटला. खाली लिहिलं, मसावि १.

उत्तर ५३ आहे. तिचा एकही भागाकार चुकला नव्हता. चुकली होती ती वाट. पुस्तकात मूळ अवयवांची पद्धत आधी येते, म्हणून पोरं तीच खरी पद्धत धरून चालतात आणि चार अंकी संख्या आली की अडकतात. भागाकाराची पद्धत मागून येते आणि बहुतेक वेळा 'हीसुद्धा एक रीत आहे' एवढ्यावर उरकली जाते. माझं मत उलट आहे. दोन संख्यांचा मसावि काढायला हाताशी एकच पद्धत ठेवायची असेल तर भागाकाराची ठेवा. बाकीच्या दोन-तीन सोयीच्या आहेत, संख्या लहान असेपर्यंत. या लेखात सगळ्या दाखवतो, पण जास्त वेळ कुठे घालवणार ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आधी मसावि म्हणजे काय

दोन्ही संख्यांना ज्याने निःशेष भाग जातो, म्हणजे बाकी काही उरत नाही, असे जे विभाजक, त्यांतला सगळ्यात मोठा. महत्तम सामाईक विभाजक. जुन्या पुस्तकांत 'सामाईक'च्या जागी 'साधारण' असायचं, इंग्रजी माध्यमाची मुलं एचसीएफ किंवा जीसीडी म्हणतात. वस्तू एकच.

नावातच गोंधळ आहे हे मान्य करू. 'महत्तम' ऐकलं की मुलांना वाटतं उत्तर मोठं येणार, आणि लसाविमधलं (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दोन्ही संख्यांनी निःशेष भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) 'लघुतम' ऐकलं की लहान. होतं उलटं. मसावि दोन संख्यांतल्या लहान संख्येपेक्षा मोठा कधीच नसतो आणि लसावि मोठ्या संख्येपेक्षा लहान कधीच नसतो. ६० आणि ८४ चा मसावि ४२० लिहिलेला दिसला, तर पोराने लसावि काढलाय हे उत्तराकडे बघूनच कळतं.

यादी करून

६० आणि ८४ घेऊ. यादी करताना एखादा विभाजक निसटतो, म्हणून जोड्यांनी लिहा:

६० = १ × ६०, २ × ३०, ३ × २०, ४ × १५, ५ × १२, ६ × १०

७ ने जात नाही. ८ × ८ = ६४, म्हणजे ६० च्या पुढे गेलो. इथे थांबायचं, पुढे नवीन काही मिळणार नाही.

८४ = १ × ८४, २ × ४२, ३ × २८, ४ × २१, ६ × १४, ७ × १२

८ आणि ९ ने जात नाही, १० × १० = १०० झाले, थांबा.

दोन्हीकडे असलेले: १, २, ३, ४, ६, १२. सगळ्यात मोठा १२. तोच मसावि.

आता या सामाईक यादीकडे पुन्हा एकदा बघा. १, २, ३, ४, ६, १२ हे बरोब्बर १२ चे विभाजक आहेत. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. हे दर वेळी असंच होतं, कोणत्याही दोन संख्या घ्या. पुढे कुंपणाच्या गणितात याचा उपयोग होणार आहे.

मूळ अवयव, आणि उभी मांडणी

३६० आणि ७५६.

३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५
७५६ = २ × २ × ३ × ३ × ३ × ७

२ इकडे तीनदा आहे, तिकडे दोनदा. दोनदाच घ्यायचा, कारण दोन्हीकडे मिळून तेवढेच जुळतात. ३ इकडे दोनदा, तिकडे तीनदा, तोही दोनदाच. ५ आणि ७ ला जोडीदार नाही. २ × २ × ३ × ३ = ३६.

हेच काम उभ्या मांडणीत लवकर होतं. दोन्ही संख्या शेजारी लिहायच्या आणि दोघींना एकदम भाग जाईल असा भाजक डावीकडे लिहायचा:

१२ | ३६०, ७५६
३ | ३०, ६३
    १०, २१

डावीकडच्या १२ आणि ३ चा गुणाकार ३६. डावीकडे मूळ संख्याच हवी असं काही नाही. १२ ने जातंय हे दिसलं तर सरळ १२ ने भागा. २, २, ३ करत तीन ओळी वाढवायची गरज नाही. परीक्षेत सर हरकत घेतील अशी भीती असेल तर गोष्ट वेगळी.

या मांडणीत दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, खाली उरलेले १० आणि २१ सुद्धा गुणाकारात घेतले जातात. ते घेतले की ३६ × १० × २१ = ७५६० होतात आणि तो लसावि असतो. दुसरं जास्त फसवं. खाली ५१ आणि ८५ उरले की मुलं म्हणतात, आता काही जात नाही, संपलं. ५१ म्हणजे ३ × १७ आणि ८५ म्हणजे ५ × १७. १७ लपून बसला होता. ९१ आणि ५७ सुद्धा अशाच, दिसायला मूळ, पण ९१ = ७ × १३ आणि ५७ = ३ × १९. उभी मांडणी 'मला काही दिसत नाही' यावर थांबते. 'काही नाहीच' याची खात्री ती देत नाही. भागाकाराची पद्धत देते.

भागाकाराची पद्धत

दोन दोर आहेत असं समजा, एक ८४ हात, एक ६० हात. दोन्ही पूर्ण मोजले जातील, तुकडा उरणार नाही, अशी लांबात लांब काठी तोडायची आहे. जी काठी ८४ पूर्ण मोजते आणि ६० पण पूर्ण मोजते, ती त्यांच्यातला फरक, म्हणजे २४, पूर्ण मोजणारच. मोठा दोर लहान दोराला लावून धरा, जोडीचा भाग काठीने पूर्ण मोजला गेला, मग बाहेर लोंबणारा २४ हातांचा भागही पूर्णच मोजला जाणार. उलट बाजूनेही तसंच: जी काठी ६० आणि २४ दोन्ही मोजते, ती त्यांची बेरीज ८४ सुद्धा मोजते.

म्हणजे ८४ आणि ६० चे सामाईक विभाजक आणि ६० आणि २४ चे सामाईक विभाजक हे तेच. मग ८४ हवेत कशाला? टाकून द्या. गणित ६० आणि २४ चं राहिलं. आता ६० मधून २४ जितक्या वेळा जातील तितक्या वेळा काढा. दोनदा जातात, १२ उरतात. ६० पण टाका. राहिले २४ आणि १२. २४ ला १२ ने पूर्ण भाग गेला. काठी सापडली, १२ हात.

मांडणी अशी करा:

८४ = ६० × १ + २४
६० = २४ × २ + १२
२४ = १२ × २ + ०

पायऱ्या शब्दांत सांगायच्या तर मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा. भागाकार किती आला याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, फक्त बाकी बघा. बाकी शून्य नसेल तर मगाचा भाजक आता भाज्य होतो आणि बाकी त्याची भाजक होते. पुन्हा भागा. बाकी दर वेळी भाजकापेक्षा लहान येते, म्हणून ती घसरत घसरत कधीतरी शून्यावर येणारच, दुसरीकडे जायला तिला जागा नाही. बाकी शून्य आली की त्या ओळीतला भाजक हा मसावि.

आमच्या वर्गात हे अहिराणीत चालतं. "बाकी काय उनी?" असं मी विचारतो आणि अख्खा वर्ग ओरडतो. नियमही अहिराणीतच आहे: बाकी शून्य उनी का मांगे देखानं. शून्य आली की मागे बघायचं, शून्याच्या आधीची बाकी हेच उत्तर. हा नियम करावा लागला, कारण दर वर्षी दोन-चार पोरं शेवटी शून्य आलं म्हणून 'मसावि ०' लिहायची, आणि दोन-चार पोरं शेवटचा भागाकार, म्हणजे वरच्या उदाहरणात २, उत्तर म्हणून लिहायची.

आता त्या मुलीच्या संख्या:

३१२७ = २४९१ × १ + ६३६
२४९१ = ६३६ × ३ + ५८३
६३६ = ५८३ × १ + ५३
५८३ = ५३ × ११ + ०

चार ओळी. मसावि ५३. तुलना म्हणून सांगतो, २४९१ = ४७ × ५३ आणि ३१२७ = ५३ × ५९. मूळ अवयवांच्या वाटेने गेलं तर २४९१ चा पहिला अवयव हाती लागायला २ पासून ४७ पर्यंतच्या पंधरा मूळ संख्या तपासाव्या लागतात. ती बिचारी नऊवर थकली होती. एकही मूळ अवयव माहीत नसताना मसावि मिळतो, हीच या पद्धतीची गंमत.

यातही एक ओळ वाचवता येते. दुसऱ्या ओळीत २४९१ मध्ये ६३६ तीनदा गेले आणि ५८३ उरले. ५८३ म्हणजे जवळजवळ अजून एक ६३६. मग चारदाच घाला की. ६३६ × ४ = २५४४, म्हणजे ५३ कमी पडले. उरलेलं घेण्याऐवजी कमी पडलेलं घेतलं तरी दोरांचा युक्तिवाद तसाच लागू पडतो:

३१२७ = २४९१ × १ + ६३६
२४९१ = ६३६ × ४ − ५३
६३६ = ५३ × १२ + ०

बाकी भाजकाच्या निम्म्यापेक्षा जास्त येताना दिसली की हा डाव टाका. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षेत वेळेला किंमत असते, तिथे हे उपयोगी आहे. शाळेच्या पेपरात मात्र नेहमीचीच मांडणी ठेवा, उगाच गुणांवरून वाद नको.

किती ओळी लागतील याचाही अंदाज बांधता येतो. गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने १८४४ मध्ये सिद्ध केलं की लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. लहान संख्या दोन अंकी असेल तर जास्तीत जास्त दहा. सगळ्यात रडवणाऱ्या जोड्या म्हणजे ८९ आणि ५५ सारख्या. करून बघा: ३४, २१, १३, ८, ५, ३, २, १, ० अशा बाक्या येतात, नऊ ओळी, आणि शेवटची ओळ सोडली तर प्रत्येक भागाकार १. शेवटी मसावि १ निघतो, म्हणजे या सहमूळ संख्या. एवढी पायपीट करून १ मिळाला की पोरं नाराज होतात, पण इथे १ हे उत्तर पक्कं आहे. सुरुवातीच्या त्या वहीत १ लिहिला होता तो नुसता दमून लिहिला होता.

ही पद्धत आपल्या चाळीसगावच्या शेजारची

ग्रीक गणितज्ञ युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ही रीत दिली, म्हणून जगभर ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये जो कुट्टक सांगितला, म्हणजे कोणत्या संख्येने गुणलं तर निःशेष भाग जाईल अशी उदाहरणं सोडवायची रीत, त्यातही परस्पर भागाकारच आहे. पण खानदेशातल्या माणसाने भास्कराचार्यांकडे बघावं.

चाळीसगाव तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटणे आहे. पाटणादेवीला नवस फेडायला आपल्यातले अनेक जण जाऊन आलेले असतात. तिथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून इथे मठ काढला. लेख संस्कृतात सुरू होतो आणि शेवटी मठाला काय काय द्यायचं त्याचा भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगराखाली पोरं बसून लीलावती, हा भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ, शिकत होती.

११५० मध्ये पूर्ण झालेल्या त्या लीलावतीत कुट्टकाच्या प्रकरणात सुरुवातीलाच सांगितलंय की दोन संख्यांना परस्परांनी भागत गेलं की शेवटी जी बाकी उरते ते त्यांचं अपवर्तन, आणि त्याने दोघींना भागलं की त्या दृढ होतात. अपवर्तन म्हणजे आपला मसावि. दृढ म्हणजे आता त्या आणखी लहान होणार नाहीत, आजच्या भाषेत सहमूळ. मला 'दृढ' हा शब्द 'सहमूळ'पेक्षा आवडतो. अपूर्णांक अतिसंक्षिप्त झाला म्हणजे दृढ झाला, हे पोरांना चटकन पटतं.

त्याच प्रकरणातलं पहिलं उदाहरण असं: २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवले तर १९५ ने निःशेष भाग जाईल? आधी अपवर्तन काढायचं:

२२१ = १९५ × १ + २६
१९५ = २६ × ७ + १३
२६ = १३ × २ + ०

१३ मिळाले. तिन्ही संख्यांना १३ ने भागा: १७, १५ आणि ५. आता प्रश्न एवढाच उरला की १७ च्या कितव्या पटीत ५ मिळवले की १५ ने भाग जातो. १७ गुणिले ५ म्हणजे ८५, अधिक ५ म्हणजे ९०, आणि ९० मध्ये १५ सहा वेळा. गुणक ५. मूळ संख्यांवर ताडून बघा: २२१ × ५ + ६५ = ११७० = १९५ × ६. सहावीतलं पोरसुद्धा हे सोडवू शकतं, आणि सोडवल्यावर त्याची मान जरा ताठ होते.

शाब्दिक उदाहरणात मसावि ओळखायचा कसा

आकडेमोड जमते, पण मसावि काढू की लसावि, इथे गाडी अडते. 'जास्तीत जास्त' शब्द दिसला की मसावि, ही खूण पाठ करून घेतात. खूण बरी आहे, भरवशाची नाही. त्यापेक्षा स्वतःला विचारा: इथे दिलेली वस्तू तोडायची आहे, वाटायची आहे, सारखे भाग करायचे आहेत? मग मसावि. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या दोन गोष्टी कधी एकत्र येतील असं विचारलंय? धुळ्याची बस दर अमुक मिनिटांनी आणि अमळनेरची तमुक मिनिटांनी, असं काही? मग लसावि.

बचत गटाचं उदाहरण घेऊ. १६८ उडदाचे पापड आणि १२६ बिबडे तयार आहेत.

१६८ = १२६ × १ + ४२
१२६ = ४२ × ३ + ०

मसावि ४२. आता हे ४२ कशाचे? हे प्रश्नावर ठरतं, आणि इथेच गुण जातात. प्रत्येक पाकिटात पापड आणि बिबडे दोन्ही घालायचे, सगळी पाकिटं सारखी, काही उरू नये, पाकिटं जास्तीत जास्त करायची, असं असेल तर ४२ ही पाकिटांची संख्या. प्रत्येकात ४ पापड आणि ३ बिबडे. पण पापड वेगळे भरायचे, बिबडे वेगळे भरायचे, आणि प्रत्येक पाकिटात नग मात्र सारखे, पाकिटं कमीत कमी, असं असेल तर ४२ हे एका पाकिटातले नग. पापडाची ४ पाकिटं, बिबड्यांची ३, एकूण ७. आकडेमोड तीच, उत्तर एकदा ४२ आणि एकदा ७. आणि हेही बघा की दुसऱ्या प्रश्नात 'कमीत कमी' शब्द आहे, तरीही मसाविच काढलाय.

फरशीचं उदाहरण. खोली ५४० सेंटिमीटर लांब, ४२० रुंद. एकही फरशी न कापता चौरस फरशा बसवायच्या, मोठ्यात मोठी कोणती?

५४० = ४२० × १ + १२०
४२० = १२० × ३ + ६०
१२० = ६० × २ + ०

६० सेंटिमीटर, म्हणजे बाजारात जिला दोन बाय दोन म्हणतात ती. एका बाजूला ९, दुसऱ्या बाजूला ७, एकूण ६३ फरशा. प्रत्यक्षात खोली कधी ५४० भरत नाही. एका बाजूला ५४२ निघते, दुसऱ्या बाजूला ५३८, आणि गवंडी मसावि न काढता कटर काढतो. शिवाय मधल्या सांध्यांची जाडी कोणत्याच पुस्तकात धरलेली नसते. घरी फरशी आणायला जाताना हे लक्षात ठेवा, पाच-सात जास्तीच्याच आणा.

कुंपणाचं गणित मात्र शेतात खरंच उपयोगी पडतं. केळीचा तुकडा आहे, २५२ फूट बाय १८० फूट. चारही कोपऱ्यांवर खांब हवा आणि सगळ्या खांबांत सारखं अंतर हवं.

२५२ = १८० × १ + ७२
१८० = ७२ × २ + ३६
७२ = ३६ × २ + ०

३६ फूट. परीक्षेत हे उत्तर, पूर्ण गुण. शेतात ३६ फुटांवर खांब लावले तर तार लोंबेल आणि रानडुकरं हसत आत येतील. मग काय करायचं? मगाशी म्हटलं होतं, सगळे सामाईक विभाजक हे मसाविचेच विभाजक असतात. ३६ चे विभाजक लिहा: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६. यांतलं कोणतंही अंतर चालतं, यांबाहेरचं पूर्ण फुटांतलं एकही चालत नाही. ९ फूट बरं वाटतं. परीघ २ × (२५२ + १८०) = ८६४ फूट, भागिले ९, म्हणजे ९६ खांब. १० फूट ठेवायचं मनात असेल तर ते सोडा, २५२ ला १० ने भाग जात नाही, एका कोपऱ्याजवळ अंतर वाकडं येणारच. इथे एक जोडून देतो: बंद कुंपणात खांब जितके, गाळे तितकेच. सरळ रेषेत खांब एकाने जास्त असतो. पोरं सवयीने इथेही १ मिळवतात.

आणखी एक प्रकार स्पर्धा परीक्षेत हमखास येतो. कोणत्या मोठ्यात मोठ्या संख्येने १२५ आणि ९८ यांना भागलं तर अनुक्रमे ५ आणि २ बाकी उरते? बाकी आधीच काढून टाका: १२० आणि ९६. त्यांचा मसावि २४. उत्तर २४. एकच तपासायचं, २४ हे ५ आणि २ दोन्हींपेक्षा मोठं आहे ना, कारण बाकी भाजकापेक्षा मोठी असू शकत नाही.

नजरेने काढायचे मसावि

प्रत्येक वेळी मांडणी कशाला? दोन संख्यांचा फरक आधी बघा. मसावि त्या फरकाचा विभाजक असतोच. ९६ आणि १०४, फरक ८, आणि ८ ने दोघींना भाग जातो, संपलं. लागोपाठच्या दोन संख्यांचा फरक १, म्हणून मसावि १. लागोपाठच्या सम संख्यांचा २. लहान संख्येने मोठीला पूर्ण भाग जात असेल तर लहान संख्या हाच मसावि, १५ आणि ९० चा १५.

शून्याचं एकदा सांगून टाकतो. पूर्ण संख्यांत शून्य येतं, आणि शून्याला कोणत्याही संख्येने भाग जातो, कारण बाकी शून्यच. म्हणून ० आणि १८ चा मसावि १८. दोन्ही शून्य असतील तर सगळ्याच संख्या विभाजक ठरतात, त्यांत सगळ्यात मोठी कुठून आणणार? तो प्रश्न शाळेत कोणी विचारत नाही.

उत्तर तपासायला दोन गोष्टी करा. मसाविने दोन्ही संख्यांना भागा, बाकी उरायला नको. आणि भागून जे मिळालं ते दृढ असायला हवं. ८४ आणि ६० ला १२ ने भागलं की ७ आणि ५, पुढे काही होत नाही, म्हणजे उत्तर बरोबर. चुकून ६ लिहिला असता तर १४ आणि १० मिळाले असते, दोन्ही सम, चूक लगेच पकडली जाते. लसाविही हवा असेल तर वेगळी खटपट नको: दोन संख्यांचा गुणाकार भागिले मसावि. ८४ × ६० = ५०४०, भागिले १२ म्हणजे ४२०. गुणाकार आधी करण्यापेक्षा ८४ ला १२ ने भागून आलेल्या ७ ने ६० ला गुणा, तोंडी होतं. पण हे दोनच संख्यांना चालतं. तीन संख्यांचा मसावि काढायचा तर आधी दोघींचा काढा, मग आलेलं उत्तर आणि तिसरी संख्या यांचा. तिन्हींच्या गुणाकाराला मात्र हात लावू नका.

सरावाला पाच जोड्या देतो. १४४ आणि ९०. ४३७ आणि ३२३. १००१ आणि ३४३. २०२७ आणि २०२१, ही मांडणी न करता, फरकावरून. आणि ४०८७ आणि ३९५३.

उत्तरं अनुक्रमे १८, १९, ७, १ आणि ६७. शेवटची जोडी मी त्या सातवीतल्या मुलीलाही दिली होती. पहिल्या ओळीत १३४ बाकी आली, दुसऱ्या ओळीत ६७, तिसऱ्या ओळीत शून्य. "सर, मांगे देखनू, सदुसष्ट," म्हणाली, आणि मग जुन्या वहीतली ती तीन पानं उघडून, मसावि १ खोडून त्यावर ५३ लिहायला लागली.